इंजिन धुवायला शिकवलंत त्याबद्दल

मामा,

तुमच्या घरी मी तुम्हाला मामा म्हणायचे आणि हँगरमध्ये सर. आज लिहायला बसले तेव्हा दोन्ही लिहून पाहिलं. 'सर' लिहिलं की तुम्ही चौकशीच्या टेबलाशी बसलेले दिसता. 'मामा' लिहिलं की चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या घरी, स्वयंपाकघरात, माझ्या पानात अजून तूप घाल असं मामींना सांगणारे. हा एकच माणूस होता, हे तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी मला जुळवता आलेलं नाही. तरी मामाच म्हणते, सवय तीच आहे. पण उपकार मानायला लिहीत नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

आज सकाळी साडेसातला मी एक इंजिन धुतलं. आपल्या वेळची छोटी पंख्यांची विमानं आता माझ्याकडे नसतात. दीडशे-दोनशे माणसं नेणाऱ्या जेटची इंजिनं असतात, ज्यांच्या तोंडात माणूस थोडा वाकून उभा राहू शकेल. ट्रकवरचं यंत्र पाणी तापवतं, तोंडाशी बसवलेल्या नळ्यांतून आत फवारतं, मागून येणारं घाण पाणी गोळा करतं, गाळतं आणि पुन्हा वापरतं. मी हेडसेटवर कॉकपिटमधल्या माणसाशी बोलते आणि घड्याळाकडे बघते, एवढंच. तरीही पहिलं काळं पाणी मागे आलं की माझा हात बरणी शोधायला लागतो. इतक्या वर्षांनंतरही. त्या क्षणाचा मला दर वेळी राग येतो. तुम्ही माझ्या हातात जाऊन बसला आहात, आणि मला तुम्ही तिथे नको आहात.

नाशिकहून आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. चेन्नईत मीनंबाक्कमच्या जुन्या विमानतळाच्या एका कोपऱ्यात आपलं ते हँगर, भाड्याने जाणारी चार विमानं, पंचवीसेक माणसं, त्यात मुलगी मी एकटी. तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिला आठवडाभर मला कुणी काम दिलं नाही. मी नट फिरवायचे पाने आकारांप्रमाणे लावायचे, संध्याकाळी ते विस्कटलेले असायचे, सकाळी पुन्हा लावायचे. एकदा दुपारी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून आईशी फोनवर बोलत होते आणि रडू येऊ नये म्हणून मोठ्याने बोलत होते. फोन ठेवला तर मागे तुम्ही. पांढरे केस, कपाळावर गंध, खिशात चष्म्याची दोरी. म्हणालात, "कोठील तूं?" मला वाटलं हे माझी चेष्टा करताहेत, कारण असं मराठी मी फक्त पोथीत वाचलं होतं. मग तुम्ही सांगितलंत की तुम्ही तंजावरचे, तुमच्या घराण्याला तिकडे येऊन साडेतीनशे वर्षं झाली, आणि शाळेत तमिळ, कामावर इंग्रजी, पण घरात हीच भाषा. "तुमची मराठी पुढें गेली, आमची तेथेंच बसली," असं म्हणून हसलात. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या हाताखाली होते. मला कुणी निवडलं आहे, ही भावना माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा आली. त्याची किंमत पुढे काय होणार आहे, हे कळायचं ते वय नव्हतं.

विमानाचं इंजिन आतून धुवावं लागतं, हे मला कॉलेजात एका ओळीत शिकवलं होतं. तुम्ही ती ओळ चार वर्षं शिकवलीत. इथे समुद्र जवळ. इंजिन हवा ओढतं तेव्हा तिच्याबरोबर मीठ ओढतं, धूळ ओढतं, आणि आतल्या लहान लहान पात्यांवर त्याचा थर चढत जातो. मग तेवढंच काम करायला इंजिन जास्त तापतं. धुताना ते पेटवायचं नाही, नुसतं स्टार्टरने फिरवायचं, आणि फिरत असताना तोंडातून साबणाचं पाणी आत सोडायचं. अर्ध्या मिनिटात थांबायचं, नाहीतर स्टार्टर जळतो. साबण मुरू द्यायचा. मग साधं शुद्ध पाणी, पुन्हा तेच, आणखी एकदा. शेवटी इंजिन पेटवून दहा-पंधरा मिनिटं चालवायचं म्हणजे आतून कोरडं होतं. मागून येणारं पाणी तुम्ही मामींच्या लोणच्याच्या जुन्या बरणीत धरायचात आणि उजेडाकडे करून बघायचात. पहिली बरणी काळी, दुसरी चहासारखी, पाचवी-सहावी स्वच्छ. पुस्तकात तीन वेळा खळबळा लिहिलेलं असलं तरी बरणी स्वच्छ दिसेपर्यंत तुम्ही सोडायचा नाहीत. बाकीचे कंटाळायचे. एकदा मीही म्हणाले, सर, हा काय देवाचा अभिषेक आहे का. तुम्ही म्हणालात, "देव मळत नाहीं पोरी. हें मळतें."

आणि ती नळी. पेन्सिलीएवढी जाड, हातभर लांब. इंजिनातल्या हवेचा दाब किती आहे, हे ती इंधन सोडणाऱ्या यंत्रापर्यंत पोचवते. त्या यंत्रात पाणी गेलेलं चालत नाही, म्हणून धुण्याआधी ती सोडवायची, तोंडाला टोपी लावायची, आणि धुणं झाल्यावर परत जोडून तिचा नट नेमून दिलेल्या ताणाने आवळायचा. ती सैल राहिली तर हवा गळते, यंत्राला वाटतं दाब कमी झाला, आणि ते इंधन तोडतं. बाकी सगळं इंजिन ठणठणीत असलं तरी त्याचा जोर जातो. म्हणून या एका नटाला दोन सह्या. एकाने आवळायचा, दुसऱ्याने तपासायचा. पहिल्या दिवशी तुम्ही मला हे सांगून झाल्यावर तेच माझ्याकडून मराठीत म्हणून घेतलंत, इंग्रजीत नाही. म्हणालात, इंग्रजीत पाठ होतं, पण समजतं ते घरच्या भाषेत.

रविवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचे. हॉस्टेल तुमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर होतं. पार्थसारथीच्या देवळाकडून चालत यायचं, खालच्या दुकानदाराच्या सायकली ओलांडायच्या, अरुंद जिना चढायचा. मामी दारातच म्हणायच्या, "ये गे, पान मांडलें आहे." उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पचडी मी पहिल्यांदा तिथे खाल्ली. तुमच्याकडचं पिठलं चिंच घालून आंबट केलेलं असायचं, आणि हेच खरं पिठलं यावर तुम्ही दोघं माझ्याशी भांडायचात. तुमचा मुलगा परदेशात, त्याची मुलं फोनवर इंग्रजीतून बोलायची, आणि फोन ठेवल्यावर तुम्ही दोघं माझ्याशीच मराठीत भरभरून बोलायला लागायचात. माझ्या येण्याने त्या घराला काय मिळत होतं, हे मला दिसत होतं. मला काय मिळत होतं तेही. पहिलं लायसन्स मिळालं त्या रविवारी तुम्ही तुमचा तपासणीचा आरसा मला दिलात, लांब दांडीचा, रुपयाएवढ्या काचेचा, पितळी मुठीवर तुमच्या अंगठ्याने पडलेला खळगा. मी तो पुढे नोकरीसाठी ओरगडमला जाताना कागदात गुंडाळून तुमच्या पत्रांच्या पेटीत टाकून आले. तुम्हाला मिळाला असेलच. त्याबद्दलही तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

हात कधीपासून थरथरायला लागला ते मला नक्की सांगता येणार नाही. मला आधी बरणीत दिसलं. बरणी उजेडाकडे धरलेली असताना पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मग तुम्ही ती डाव्या हाताने धरायला लागलात. मग बारीक स्क्रू मला घालायला सांगायला लागलात, चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून. निवृत्तीला सात महिने होते. मी दोन महिने गप्प राहिले, आणि एका सकाळी तुम्ही एकटे असाल असं पाहून विचारलं. अगदी हळू विचारलं, मामा, हाताचं डॉक्टरांना दाखवलंत का. हँगरमध्ये मी तुम्हाला मामा म्हटलं ते त्या एकदाच.

तुम्ही सगळ्यांच्या देखत बोललात. नंतर चहाच्या वेळी, दहा-बारा माणसं उभी असताना. माझ्याशी चार वर्षांत हँगरमध्ये एक वाक्य दुसऱ्या भाषेत न बोलणारे तुम्ही त्या दिवशी तमिळमध्ये बोललात, म्हणजे प्रत्येकाला कळावं. की ही नाशिकहून आली तेव्हा हिला पाना कुठून धरायचा ते माहीत नव्हतं, आणि आता ही माझे हात तपासते. की हिच्या जन्माच्या आधीपासून मी इंजिनं धुतोय. की घरी बोलावून जेवू घातलं म्हणजे लोक डोक्यावर बसतात. तोवर मला तेवढं तमिळ येत होतं. एकजण हसला, बाकीच्यांनी ग्लासात बघितलं. मी ग्लास विसळून ठेवला आणि कामाला गेले. त्या रविवारी मी जेवायला आले नाही. मामींनी फोन केला तर डोकं दुखतंय म्हणाले.

चार दिवसांनी ते विमान. रुग्ण आणायला पोर्ट ब्लेअरला जायचं होतं, अकराला निघायचं होतं. दोन्ही इंजिनं आदल्या दिवशी धुवायची राहून गेली होती, म्हणून आपण सकाळी सहाला सुरुवात केली. डावं झालं. उजवं झालं. पाणी स्वच्छ आलं. मी उजव्या इंजिनाची नळी जोडली, नट बोटांनी बसवला आणि ताण मोजणारा टॉर्क पाना आणायला वळले, तर तो तुमच्या हातात होता. तुम्ही म्हणालात, हें मी करतों, तूं कागद कर. चार दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी बाजूला झाले. हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून कागद भरले. तुम्ही शिडीवर होतात, पाठ माझ्याकडे. मग खाली उतरलात. नेहमीच्या रीतीप्रमाणे कागदावर 'आवळलं' पुढे माझी सही आणि 'तपासलं' पुढे तुमची, असंच असायचं. त्या दिवशी आवळणारे तुम्ही होतात. उलट करायला हवं होतं. मी तपासायला शिडीवर चढायला हवं होतं. मी 'आवळलं' पुढे सही केली, तुम्ही 'तपासलं' पुढे केलीत. इंजिनं वाळवायला चालवली, दोन्ही सुरळीत चालली. आवरण बंद केलं.

साडेबाराला रेडिओवर कळलं की ते परत फिरलंय. समुद्रावर असताना उजव्या इंजिनाचा जोर गेला, पायलटने ते बंद केलं, आणि एका इंजिनावर ते परत येत होते. आत दोन पायलट, एक डॉक्टर, एक नर्स. आपण सगळे हँगरच्या बाहेर उन्हात उभे होतो. तुम्ही माझ्यापासून चार हातांवर. विमान दिसलं तेव्हा त्याचा एक पंखा फिरत होता आणि दुसरा थिजल्यासारखा उभा होता, आणि ते इतकं हळू खाली येत होतं की मला वाटलं ते हवेतच थांबलंय. उतरलं. नर्स शिडीवरून उतरली आणि तिथेच डांबरावर बसली. पंचविशीची असेल. तिच्या पायातली एक चप्पल विमानात राहिली होती, आणि डॉक्टर तिला ती आणून देत होते तर तिला ती पायात घालता येत नव्हती. आवरण उघडलं तर नट हाताने फिरत होता. पोर्ट ब्लेअरच्या रुग्णाला दुसऱ्या कंपनीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. त्याचं पुढे काय झालं ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं होतं. त्याच्याशी तुझा काही संबंध नाही, असं उत्तर मिळालं.

चौकशी कंपनीचीच होती. तीन माणसं, एक टेबल, खिडकीला निळे पडदे. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. मी सांगितलं, नट सरांनी आवळला. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग तुम्हाला विचारलं. तुम्ही माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणालात, "तिने आवळला. मला तसं सांगितलं. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, ती माझी चूक." इतकं सफाईने, मामा. खोटं बोलताना एक चूक कबूल केलीत आणि त्यामुळे बाकीचं सगळं खरं वाटलं. तिघांपैकी वयाने मोठे होते त्यांनी मला विचारलं, "तुम्ही आवळला नाहीत, तर मग आवळला म्हणून सही का केलीत?" मी टेबलाकडे बघत बसले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि माझं न बोलणं लिहून घेतलं.

तुम्हाला समज मिळाली. मला काढलं, आणि माझी सही दोन वर्षं विमानाच्या कागदावर चालणार नव्हती. निवृत्तीच्या दिवशी तुम्हाला हार घालून निरोप दिला, त्याचा फोटो कुणीतरी मला पाठवला. तुम्ही त्यात डावा हात पुढे धरला आहे. मी तेव्हा ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात होते. तिथे मला काय काम मिळालं असेल, सांगा. लोखंडी इंजिनांचे सांगाडे धुण्याच्या मशीनमधून बाहेर यायचे आणि त्यात लोखंडाचा कीस राहिलाय का ते बघायचं. दर दीड मिनिटाला एक. कंपनीच्या बसमधून सकाळी जाताना मी डोळे मिटून बसायचे, कारण त्या रस्त्यावरून उतरणारी विमानं दिसतात. आईला मी सांगितलं होतं की स्वतःहून नोकरी बदलली. तिने विचारलं, ते तुझे मराठी सर काय म्हणाले. मी म्हणाले, आशीर्वाद दिला.

दोन वर्षं मी वाट पाहिली की तुम्ही याल. निवृत्त झाल्यावर तुम्हाला भीती कुणाची होती? कंपनीला दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या. तेही नको, मला एकटीला येऊन म्हणायचं होतं की पोरी, मीच तो. तिरुवल्लिकेणीहून माझी खोली बसने दीड तासावर होती. तुमच्या वयाची माणसं त्याहून लांब लग्नाला जातात. तुम्ही आला नाहीत. मग मामींचा फोन आला की तुम्हाला दवाखान्यात ठेवलंय, आता दोन्ही हात चालत नाहीत, बोलणंही नीट कळत नाही, पण माझं नाव घेताय. "त्यांस तुला कांही सांगायचें आहे, येऊन जा गे." मी म्हणाले, कारखान्यात रजा देत नाहीत. चार दिवसांनी पुन्हा फोन आला, पुन्हा तेच म्हणाले. त्या दुसऱ्या फोनच्या दिवशी मी रजेवर होते. मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसले होते, तुमच्या दवाखान्यापासून चालत पोचता येईल इतक्या जवळ, आणि भर उन्हात भाजलेलं कणीस खात होते. मला वाटत होतं की तुम्हालाही वाट बघू दे. आठवड्याभराने तुम्ही गेलात. तेराव्यालाही मी आले नाही.

मामींकडे मी नंतर जायला लागले, त्याला चार-पाच वर्षं लागली. त्यांना काही माहीत नाही. तुम्ही घरी काय सांगितलं होतंत ते मला त्यांच्याच तोंडून कळलं: मला जास्त चांगली नोकरी मिळाली आणि मी तुम्हाला विसरले. इतकी वर्षं त्या बाईने मला कृतघ्न समजून तरीही फोन केले. मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या की मुलगा तुमच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक छापतोय, नातेवाइकांत वाटायला, आणि त्यात एक पान मराठीत असावं अशी त्यांची इच्छा आहे. घरात आता मराठी लिहिणारं कुणी नाही. "दोन शब्द लिही गे. तुला त्यांनी लेकीपरी शिकविलें." मी हो म्हणाले. रविवार सकाळपासून ते पान लिहायचा प्रयत्न करतेय. तुम्ही बरणी उजेडाला कशी धरायचात ते लिहिलं, आणि पुढे हात हलेना.

तुम्ही काय केलंत ते मी बऱ्याच जणांना सांगितलंय. माझ्या नवऱ्याला, नाशिकच्या मैत्रिणीला, नवीन कंपनीत मला घेतलं त्या साहेबांना. सगळ्यांना एकच गोष्ट सांगते: सर आवळताहेत म्हटल्यावर मी तपासलं नाही, कारण गुरूचं काम तपासायची आपल्यात रीत नाही. ऐकणाऱ्याला ते पटतं. लोक मान हलवतात, तुम्हाला नावं ठेवतात, आणि मला बरं वाटतं. आज मात्र हे तुम्हाला लिहितेय, आणि त्या सकाळी तिथे माझ्याखेरीज दुसरं कुणी होतं तर ते तुम्हीच.

टॉर्क पाना ठरलेला ताण आला की टक् करतो. तुम्हाला हे सांगायची गरज नाही. मी बेसिनपाशी होते, पाच-सहा हातांवर, नळ बंद होता, हँगरमध्ये दुसरं काही चालू नव्हतं. मी कागद भरत होते आणि त्या आवाजाची वाट पाहत होते, जशी प्रत्येक वेळी पाहते. तुमचा कोपर दोनदा घसरलेला मी पाहिला. मग तुम्ही पाना काढलात, फडक्याने पुसलात आणि खाली उतरलात. टक् ऐकू आलं नाही, एवढं मला तेव्हा बोलायला हवं होतं. आदर आडवा आला नाही मामा, आदर मी त्या चहाच्या ग्लासाबरोबर विसळून टाकला होता. मला वाटलं, राहू दे सैल. आता इंजिन चालवतील, नळी सुटेल, इंजिन बसेल, आणि सगळे शिडीभोवती गोळा होतील. मग तुमच्या हाताबद्दल मला काही बोलावं लागणार नाही. म्हणून मी 'आवळलं' पुढे सही केली. पंधरा मिनिटं इंजिन चाललं आणि काहीच झालं नाही. बोटांनी बसवलेला नट तेवढा टिकला. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आवाज झाला असेल, आपण ऐकला नसेल, आणि आवरण बंद करायला हात लावला. चौकशीत त्या गृहस्थांनी सही का केली म्हणून विचारलं, त्याचं उत्तर हे होतं. तुम्ही खोटं बोललात ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ती नर्स डांबरावर बसली होती तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते, आणि तुमचा चेहरा पाहून मला क्षणभर समाधान वाटलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात तुम्हाला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. ते ऐकून घेतलं असतं तर मग माझी पाळी आली असती. रजा नाही म्हणाले, ते त्या भीतीने.

मामींना पान द्यायचंच आहे, ते दुसरं लिहीन. हे पत्र त्यांना दाखवायचं धैर्य माझ्यात नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही हे धरूनच मी एवढं लिहू शकले.